लाखांचं तिकीट काढून लोकं विमानात पायजमा का घालतात?

नोव्हेंबर 2025 ची गोष्ट. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी तोंडावर आली होती, विमानतळांवर गर्दी वाढणार होती. अशात अमेरिकेचे परिवहन मंत्री शॉन डफी यांनी एक मोहीम सुरू केली. लोकांनी विमानप्रवासात जरा सभ्यपणे वागावं, एकमेकांना मदत करावी, असं त्यात होतं. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांनी आणखी एक सल्ला दिला. विमानतळावर येताना पायजमा आणि स्लीपर घालून येऊ नका, निदान जीन्स आणि एक बरा शर्ट घाला.

झालं. लोकांना वागण्याचा सल्ला कुणाच्या लक्षात राहिला नाही, पायजम्याचा राहिला. सोशल मीडियावर दोन तट पडले. एक म्हणाले, बरोबर आहे, पूर्वी लोकं विमानात बसायला नटूनथटून यायचे. दुसरे म्हणाले, आधी सीटमध्ये पाय ठेवायला जागा द्या, मग कपड्यांचं बघू.

यातली गंमत अशी की विमानात ज्यांचं तिकीट सगळ्यात महाग असतं, त्यांना अनेक कंपन्या स्वतःहून पायजमा देतात. आणि लाखांचं तिकीट काढलेली ती लोकं तो घालून निवांत झोपतातही.

हा विषय आता फक्त अमेरिकेचा राहिलेला नाही. पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूरच्या कितीतरी घरांतली मुलं परदेशात आहेत. आईचे गुडघे दुखतात, बाबांना सोळा तास बसवत नाही, म्हणून मुलं पॉइंट जमवून किंवा पैसे साठवून आईबाबांसाठी बिझनेस क्लासचं तिकीट काढतात. तिकीट हातात पडल्यावर घरातला पहिला प्रश्न असतो, "अगं, पण घालायचं काय? तिथे सगळी मोठी लोकं असणार."

म्हणूनच बिझनेस आणि फर्स्ट क्लासमध्ये नेमकं काय घालायचं, नियम काय आहेत आणि अफवा काय आहेत, ते नीट समजून घेतलेलं बरं.

बिझनेस क्लासला ड्रेस कोड असतो का?

थोडक्यात उत्तर, नसतो.

तिकीट काढताना प्रवासी आणि विमान कंपनीमध्ये एक करार होतो. त्याच्या अटी कुणी वाचत नाही, पण त्यात कपड्यांबद्दलही लिहिलेलं असू शकतं. उदाहरणार्थ, अमेरिकन एअरलाइन्सच्या अटींमध्ये अनवाणी येऊ नका आणि इतरांना आक्षेपार्ह वाटतील असे कपडे घालू नका, असं सांगितलंय. स्पिरिट या स्वस्त विमानसेवेने जानेवारी 2025 मध्ये आपली अट आणखी स्पष्ट केली. आरपार दिसणारे, अंग पुरेसं न झाकणारे कपडे चालणार नाहीत, असं त्यांनी लिहूनच टाकलं.

पण या अटी सगळ्या प्रवाशांना सारख्याच लागू होतात. पुढे बसलेल्याने कोट घालावा आणि मागच्याने टी-शर्ट घातला तरी चालेल, असा भेद त्यात नसतो. पैसे भरून बिझनेस क्लासचं तिकीट काढलेल्या माणसाला साधा कुर्ता किंवा ट्रॅकपँट घातली म्हणून कुणी मागे पाठवत नाही.

अडचण वेगळीच आहे. 'आक्षेपार्ह' म्हणजे काय, हे त्या वेळी ड्युटीवर असलेला कर्मचारी ठरवतो. 2019 मध्ये जमैकाहून मायामीला निघालेल्या एका महिला डॉक्टरला तिच्या आखूड रोम्परवरून अमेरिकन एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी विमानातून खाली बोलावलं. तिला अंगाभोवती ब्लँकेट गुंडाळून प्रवास करावा लागला, सोबत तिचा लहान मुलगा होता. प्रकरण गाजल्यावर कंपनीने माफी मागितली आणि पैसे परत केले. म्हणजे नियम मोघम असला की त्याचा फटका कुणाला बसेल, हे समोरच्याच्या नजरेवर ठरतं.

मग ते लेगिंग्जचं प्रकरण काय होतं?

मार्च 2017 मध्ये डेन्व्हर विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सने दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात बसू दिलं नाही, अशी बातमी ट्विटरवर पसरली. जगभरातून कंपनीवर टीका झाली.

नंतर कळलं की त्या मुली कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या पासवर प्रवास करत होत्या. विमान कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना, त्यांच्या घरच्यांना आणि कधीकधी मित्रांना फुकट किंवा अगदी कमी पैशात प्रवास करू देतात. पण अशा पासवाल्यांना अनेक कंपन्यांमध्ये वेगळा ड्रेस कोड असतो, कारण ते कंपनीचे प्रतिनिधी मानले जातात. पैसे भरून तिकीट काढणाऱ्यांना लेगिंग्ज चालतात, हे युनायटेडने तेव्हाच सांगितलं होतं.

त्यामुळे तुमचा भाचा किंवा पुतणी विमान कंपनीत नोकरीला असेल आणि त्यांच्या पासवर तुम्ही निघाला असाल, तर कपड्यांचे नियम आधी त्यांना विचारून घ्या. एरवी काळजी नको.

लोकं पूर्वी खरंच सूट-बूट घालून यायचे का?

हो, यायचे. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान 8 जून 1948 रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, तेव्हा त्यात फक्त 35 प्रवासी होते. विमानात बसणं ही तेव्हा राजेरजवाड्यांची, उद्योगपतींची आणि बड्या अधिकाऱ्यांची गोष्ट होती. अशी लोकं घराबाहेर पडतानाही सूट घालूनच पडायची, मग ते नाटकाला जावोत की विमानात.

शिवाय भाडं ठरवणं कंपन्यांच्या हातात नव्हतं. अमेरिकेत 1978 मध्ये कायदा बदलला आणि कंपन्यांना भाडं ठरवायची मोकळीक मिळाली. भारतात 1953 मध्ये विमानसेवा सरकारच्या ताब्यात गेली होती, ती मक्तेदारी 1994 मध्ये कायद्याने संपली. 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन आली आणि ज्यांनी विमान फक्त आकाशात पाहिलं होतं, ती लोकं त्यात बसायला लागली. एप्रिल 2017 मध्ये उडान योजनेचं पहिलं विमान शिमल्याहून सुटलं, तेव्हा पंतप्रधान मोदींनी हवाई चप्पल घालणारा माणूसही हवाई जहाजात दिसला पाहिजे, असं म्हटलं होतं.

म्हणजे लोकांचे कपडे बिघडले असं म्हणण्यापेक्षा, विमानात बसणारी लोकं बदलली असं म्हणणं जास्त खरं आहे. पूर्वीचे फोटो सुंदर दिसतात, पण त्या फोटोंमध्ये तुमचे-आमचे आजी-आजोबा नसतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

पायजम्याची भानगड काय आहे?

पुढच्या केबिनमध्ये लोकं पैसे मोजतात ते प्रामुख्याने झोपेसाठी. लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासमध्ये सीट आडवी होऊन पलंग होते. एअर इंडियाच्या ए-350 विमानात अशा 28 बिझनेस सीट आहेत आणि प्रत्येकीला सरकता दरवाजा आहे. एवढी सोय असताना जीन्स घालून झोपायचं म्हणजे घरी गादी अंथरून त्यावर ऑफिसच्या कपड्यांत झोपण्यासारखं.

म्हणून कंपन्या पायजमा देतात. क्वांटास आणि कतार एअरवेज लांबच्या प्रवासात बिझनेस क्लासलाही देतात. सिंगापूर एअरलाइन्स तो फर्स्ट आणि स्वीट्सच्या प्रवाशांसाठी ठेवते. एमिरेट्सने 2016 मध्ये फर्स्ट क्लाससाठी त्वचेचा ओलावा टिकवणारा पायजमा काढला आणि असा हा जगातला पहिलाच, असा दावा केला.

पण सरसकट सगळ्यांकडून तो मिळेल, असं धरून चालू नका. कंपनी, मार्ग आणि प्रवासाचे तास यावर ते ठरतं. मुंबई-दिल्ली दोन तासांच्या प्रवासात कुणी पायजमा देत नाही. इंडिगोने नोव्हेंबर 2024 पासून याच मार्गावर 12 मोठ्या सीटची 'स्ट्रेच' सेवा सुरू केली, तिथे तर नेहमीच्या कपड्यांत बसायचं आणि उतरायचं एवढंच काम असतं.

पायजमा वापरायचीही एक पद्धत आहे. विमान वर गेलं आणि पट्ट्याचा दिवा विझला की टॉयलेटमध्ये जाऊन कपडे बदलायचे. काढलेला कोट किंवा शर्ट क्रूला दिला तर ते बहुधा हँगरला लावून ठेवतात. उतरायच्या तासभर आधी परत बदलून घ्यायचं, कारण शेवटच्या अर्ध्या तासात टॉयलेटबाहेर रांग लागते. पायजमा बहुतेक कंपन्या घरी नेऊ देतात. रजई आणि उशी मात्र तिथेच ठेवायची.

कपड्यांचा नियम असतो तो लाउंजमध्ये

विमानात नसलेला ड्रेस कोड काही ठिकाणी लाउंजमध्ये भेटतो. सगळ्यात गाजलेलं उदाहरण क्वांटासचं. ऑस्ट्रेलियातल्या आपल्या लाउंजमध्ये त्यांनी 2015 पासून कपड्यांचे नियम कडकपणे लावायला सुरुवात केली. रबरी चपला, अनवाणी पाय, समुद्रावरचे कपडे, झोपायचे कपडे चालत नाहीत. झोपायच्या कपड्यांच्या यादीत त्यांनी अग बूटही घातलेत. हे मेंढीच्या कातड्याचे बूट ऑस्ट्रेलियाची ओळख मानले जातात, त्यामुळे तिथे यावरून चांगलाच वाद झाला होता.

इथेच आपल्याकडच्या प्रवाशाचा एक प्रश्न येतो. कोल्हापुरी चप्पल चालेल का? नियम रबरी, अंगठ्याच्या पट्ट्याच्या चपलांना उद्देशून आहे, कातडी कोल्हापुरी त्यात मोडत नाही. पण दारावरचा माणूस ऑस्ट्रेलियन असेल आणि त्याला कोल्हापुरी माहीतच नसेल तर? आता तेही सांगता येईल. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापुरातून विरोध झाला आणि मग कंपनीने त्यामागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचं मान्य केलं. जी चप्पल मिलानच्या रॅम्पवर चालते, ती लाउंजमध्ये चालायला हरकत नसावी.

सूट घातला तर फुकट अपग्रेड मिळतं का?

ही सगळ्यात जुनी अफवा आहे. चेक-इनला टापटीप जा, हसून बोला, बिझनेस क्लास मिळेल, असे रील्स अजूनही फिरतात.

प्रत्यक्षात इकॉनॉमीत जागेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली की कंपनीला काही लोकांना पुढे बसवावं लागतं. ती यादी बहुतांश वेळा संगणक लावतो. तुम्ही त्या कंपनीने नेहमी जाता का, तुमच्याकडे गोल्ड-प्लॅटिनम कार्ड आहे का, तिकीट किती किमतीचं आहे, हे तो बघतो. तुमचा कोट त्याला दिसत नाही.

शरीराला काय हवं असतं?

कपडे निवडताना लोकांच्या नजरेपेक्षा शरीराचा विचार जास्त करावा, कारण विमानात शरीरात काही गोष्टी खरोखर बदलतात.

पहिली गोष्ट हवेचा दाब. विमान 35 हजार फुटांवर उडत असलं तरी आतला दाब साधारण 6 ते 8 हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाईचं शिखर सुमारे 5,400 फूट आहे, म्हणजे तुम्ही कळसूबाईच्याही वर दहा-बारा तास बसलेले असता. दाब कमी झाला की पोटातला वायू प्रसरण पावतो आणि पोट फुगल्यासारखं वाटतं. निघताना बरोबर बसणारी पँट चार तासांनी कमरेला रुतायला लागते, त्याचं एक कारण हे आहे. त्यामुळे इलॅस्टिकची किंवा सैल नाडीची कंबर बरी.

दुसरी गोष्ट कोरडी हवा. केबिनमधली आर्द्रता बऱ्याचदा 20 टक्क्यांच्या खाली असते. त्वचा, ओठ, डोळे कोरडे पडतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लांबच्या प्रवासात चष्मा लावलेला चांगला. अंगाला घासणारे, टोचणारे कपडे कोरड्या त्वचेला जास्त त्रास देतात, म्हणून मऊ सुती कपडे सुखाचे.

तिसरी गोष्ट पाय सुजणं. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. तासन्‌तास बसून राहिलं की ते काम थांबतं आणि पाय सुजतात. घट्ट बूट काढले तर परत चढत नाहीत, अंगठ्या बोटात अडकतात.

काही वेळा पायाच्या शिरेत रक्ताची गाठही होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांपेक्षा जास्त प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतका कमी राहतो. याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' म्हणतात, पण ते नाव फसवं आहे. कारण आहे हालचाल न करणं, आणि तसं बिझनेस क्लासमध्ये, रेल्वेत, गाडीतही होऊ शकतं. पोटरीवर दाब देणारे खास पायमोजे उपयोगी पडतात. पण मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही

2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. तटरक्षक दलाच्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. प्रवासी विमानाने पेट घेतला, पण आतले सगळेच्या सगळे 379 जण घसरगुंड्यांवरून बाहेर पडले. लोकांनी सामान आत सोडलं आणि क्रूने सांगितलं तसं केलं, म्हणून हे शक्य झालं.

अशी वेळ येण्याची शक्यता फार कमी असते. पण आली तर अंगावर जे आहे, त्यातच पळायचं असतं. आग लागली तर नायलॉन आणि पॉलिएस्टरसारखं कापड वितळून त्वचेला चिकटतं. सुती आणि लोकरी कापड तसं वितळत नाही. पाय झाकणारी पँट, घट्ट बसणारे सपाट बूट असतील तर तापलेल्या, काचा पडलेल्या जमिनीवरून धावता येतं. उंच टाचेचे सँडल घसरगुंडीआधी काढायला लावतात.

म्हणून विमान वर जाताना आणि खाली उतरताना बूट पायात असू द्यावेत. मधल्या वेळेत कंपनीने दिलेल्या स्लीपर वापराव्यात. फक्त मोज्यांवर टॉयलेटला जाऊ नये. तिथल्या जमिनीवरचा ओलावा प्रत्येक वेळी पाण्याचाच असतो असं नाही.

मग आईबाबांनी घालायचं काय?

बाबांसाठी सैल सुती पँट, कॉलरचा टी-शर्ट किंवा कुर्ता, वरून स्वेटर आणि सपाट बूट. एवढ्यात ते लाउंजपासून इमिग्रेशनपर्यंत कुठेही वेगळे दिसणार नाहीत.

आईसाठी पंजाबी ड्रेस सगळ्यात सोयीचा. साडी नेसायला काहीच हरकत नाही, बिझनेस क्लासमध्ये साडी नेसलेल्या बायका नेहमी दिसतात. फक्त विमानातलं टॉयलेट अगदी छोटं असतं आणि जमीन ओली असते, तिथे सहावारी सांभाळणं अवघड जातं. नऊवारीत पाय मोकळे राहतात, पण काष्टा सोडून पुन्हा घालायला तिथे जागा नसते. साडीच नेसायची असेल तर सिंथेटिकऐवजी सुती घ्यावी, परकराची नाडी जरा सैल बांधावी आणि रात्री झोपताना बदलायला एक गाऊन किंवा ड्रेस हँडबॅगेत ठेवावा.

बाकीच्या छोट्या गोष्टी अशा:

- आपल्याकडे सुरक्षा तपासणीत जॅकेट आणि पट्टा ट्रेमध्ये काढून ठेवावा लागतो. ते पटकन निघतील असं बघा. महिलांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारीच करतात.
- अमेरिकेत तपासणीला बूट काढायची जुनी सक्ती जुलै 2025 मध्ये रद्द झाली. तरी सांगितलं तर काढावे लागतात.
- कपड्यांचे थर घाला. मुंबईत 33 अंश आणि शिकागोत बर्फ असू शकतो. जाड कोट हातात ठेवा, चेक-इन बॅगेत टाकू नका.
- गडद रंग घ्या. विमान हललं की डाळ किंवा कॉफी अंगावर येते.
- अत्तर किंवा परफ्यूम जपून लावा. बंद केबिनमध्ये शेजाऱ्याला तो बारा तास सहन करावा लागतो.
- एक कपड्यांचा जोड हँडबॅगेत ठेवाच. बॅग मागे राहिली तर बिझनेस क्लासच्या तिकिटावर ती लवकर उडून येत नाही.

शेवटी मुद्दा असा की पुढच्या केबिनमध्ये बसलेल्यांपैकी जो रोज प्रवास करतो, तो बहुधा मळखाऊ टी-शर्ट घालून विमान सुटण्याआधीच डोळ्यांवर पट्टी ओढून घेतो. आजूबाजूला कोण काय घालून आलंय, हे बघायला तो जागा नसतो. नवीन माणूसच दडपणात असतो.

कपडे स्वच्छ असावेत, अंगभर असावेत, सुती असावेत आणि पायात नीट बसणारे बूट असावेत. एवढं झालं की तिकिटावर ज्याचं नाव आहे, त्याची ती जागा आहे. तिथे बसायला कोट लागत नाही.